एमबीबीएस नाही, मग बीडीएस? पसंतीक्रम भरण्याआधी खुर्चीचा हिशेब करा

जुलै-ऑगस्टमध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटची रांग लागते. नेमक्या याच दिवसांत शेजारच्या वारूळवाडीतल्या काही घरांत दुसराच हिशेब सुरू असतो. ‘नीट’चा निकाल लागलेला असतो, राज्य सीईटी कक्षाकडे नोंदणी झालेली असते आणि मोबाइलवर पसंतीक्रमाचा अर्ज उघडा असतो. एमबीबीएसची महाविद्यालये भरून झाली की बीडीएसची नावे समोर येतात. ती टाकायची का? टाकली आणि नंबर लागला तर जायचे का? आजोबा म्हणतात, दातांचा तर दातांचा, डॉक्टरच ना. मामा म्हणतो, एक वर्ष रिपीट कर. आई फीचे विचारते. जिला जायचे आहे ती मुलगी मात्र गप्प असते.

हा लेख त्या घरासाठी आहे. अशा घरांत चर्चा होते ती गुणांची आणि फीची. पदवी हातात आल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांची चर्चा क्वचितच होते. बीडीएसचा निर्णय चुकतो तो बहुतेक वेळा तिथेच.

४२० गुण म्हणजे नेमके किती?

समजा, या मुलीला २०२५ च्या ‘नीट’मध्ये ७२० पैकी ४२० गुण मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या आळीतल्या मुलाला ५५० होते आणि तरी त्याला एमबीबीएस मिळाले नव्हते. मग ४२० ला काय अर्थ, असे घरच्यांना वाटणे साहजिक आहे. पण दोन वर्षांच्या गुणांची अशी थेट तुलना करताच येत नाही. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते आणि ६५० च्या वर हजारो विद्यार्थी होते. २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्र, इतके अवघड गेले की देशात पहिला आलेल्याला ६८६ गुण मिळाले आणि ६५० च्या वर सगळ्या देशात फक्त ७३ जण होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. आदल्या वर्षी खासगी महाविद्यालयालाही न पुरणारे गुण दुसऱ्या वर्षी सरकारीला पुरले.

म्हणून गुण बाजूला ठेवा आणि राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक पाहा. मागच्या वर्षी कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीत शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला झाला, याच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. क्लासवाल्यांच्या रंगीत तक्त्यांपेक्षा त्या याद्या खऱ्या.

‘पात्र’ या शब्दानेही अनेक घरे फसतात. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि त्यातले १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, बीडीएसच्या २७-२८ हजार. पात्र होणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, एवढेच.

पुणे जिल्ह्यातल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट. राज्यात पूर्वी विभागानुसार ७०:३० चा कोटा होता. तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. राज्याच्या ८५ टक्के कोट्यात आता जुन्नरच्या मुलीची स्पर्धा थेट लातूर, नांदेड, नागपूरच्या मुलांशी असते आणि तिकडच्या महाविद्यालयांत तिलाही तेवढीच संधी असते. ‘घराजवळचे’ हा निकष थोडा सैल करावा लागतो तो यामुळे.

एकाच अर्जात दोन वेगळे व्यवसाय

महाराष्ट्रात एमबीबीएस आणि बीडीएस हे दोन्ही ‘अ’ गटात येतात. पसंतीक्रम एकाच यादीत द्यायचा असतो. बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस ‘ब’ गटात, तर फिजिओथेरपी वगैरे ‘क’ गटात. या रचनेमुळेच बीडीएस म्हणजे ‘एमबीबीएसच्या खालची पायरी’ असा समज पक्का होतो. यादीत खाली आहे म्हणजे त्याच रस्त्यावरचे अलीकडचे स्टेशन, असे वाटते. तसे नाही. तो वेगळा रस्ता आहे आणि मधूनमधून बातम्या येत असल्या तरी बीडीएसनंतर ब्रिज कोर्स करून एमबीबीएस होण्याची सोय आज नाही.

दातांचा डॉक्टर दात, हिरड्या, तोंड आणि जबडा यांचे उपचार करतो. त्यासाठी लागणारी औषधे लिहून देतो, भूल देतो, शस्त्रक्रिया करतो. ताप, मधुमेह, बाळंतपण, साप चावलेला रुग्ण हे त्याचे काम नाही. सर्पदंशाच्या उपचारांसाठी नारायणगावचे नाव राज्यभर झाले ते डॉ. सदानंद राऊत यांच्यामुळे. मुलीच्या मनात डॉक्टर म्हणजे ते चित्र असेल, तर बीडीएस तिला तिथे नेणार नाही. हे आधी, तिच्यासमोर बसून, स्पष्ट बोलायला हवे.

उलट बाजूही आहे. पुणे-नाशिक महामार्गावर दुचाकीवरून पडून जबडा तुटलेला तरुण शेवटी ज्याच्या हाताखाली जातो, तो मुखशल्यचिकित्सक बीडीएसनंतर एमडीएस झालेला असतो. २०२१ मध्ये करोनानंतर काळ्या बुरशीने जबडे सडू लागले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या शस्त्रक्रियागृहांत हेच डॉक्टर उभे होते. दात काढणे आणि चांदी भरणे यापलीकडे हे क्षेत्र जाते. पण सुरुवात तिथूनच होते.

पाच वर्षांत काय करावे लागते?

बीडीएस चार वर्षांचे, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यावर एक वर्ष. कालावधीत फरक सहा महिन्यांचाच.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय असतात, म्हणजे मृतदेहाचे विच्छेदन यातही आहे. त्याच्या जोडीला असते ते मेणाचे काम. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचा. पटाशीचा दात, सुळा, दाढ, प्रत्येकाचे उंचवटे-खळगे हुबेहूब उतरले पाहिजेत आणि मिलिमीटर चुकला तरी सर परत पाठवतात. जीवशास्त्रात ३६० पैकी ३०० मिळवणाऱ्या मुलांना इथे पहिल्यांदा कळते की या व्यवसायाची अर्धी परीक्षा बोटांची आहे. ‘नीट’ तुमची बोटे तपासत नाही. चित्रकला, शिवण, मेंदी, रांगोळी, घरातले यंत्र उघडून जोडणे यात मुलीचा हात बसलेला असेल तर ती जमेची बाजू समजा. हे मी गमतीने लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र आणि दंतसाहित्य, तिसऱ्या वर्षी सर्वसाधारण वैद्यक व शल्यचिकित्सा. याच सुमारास खरा रुग्ण खुर्चीत येतो. शेवटच्या वर्षात कवळी, रूट कॅनाल, तारा, हिरड्या, लहान मुलांचे दात, मुखशस्त्रक्रिया असे सगळे विभाग असतात. प्रत्येक विभागात ठरावीक संख्येचे काम पूर्ण करावे लागते: इतके दात काढले, इतक्या कवळ्या केल्या, इतक्या दाढा भरल्या. ते केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही.

महाविद्यालयाची खरी किंमत ठरते ती इथे. रुग्णच येत नसतील तर शिकणार कोणाच्या दातांवर? काही ठिकाणी इमारत चकचकीत असते आणि बाह्यरुग्ण विभागात खुर्च्या रिकाम्या. मुले ओळखीपाळखीच्या लोकांना गाडीभाडे देऊन आणतात आणि संख्या भरतात. अशा ठिकाणचा पदवीधर पहिली अक्कलदाढ स्वतःच्या दवाखान्यात काढतो, तेव्हा घाम रुग्णापेक्षा त्यालाच जास्त फुटतो.

मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय, १९३३ मध्ये सुरू झालेले महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये ही राज्यातली जुनी नावे. तिथे रुग्णांची कमतरता नसते, फी कमी असते आणि म्हणून प्रवेशही लवकर बंद होतात. वारूळवाडीतून पाहिले तर जवळची महाविद्यालये खासगी किंवा अभिमत. पुण्यात सिंहगड आणि आझम कॅम्पसमधील रंगूनवाला, महामार्गाने उत्तरेला गेले की संगमनेरचे एसएमबीटी. भारती विद्यापीठ, पिंपरीचे डी. वाय. पाटील आणि लोणीचे प्रवरा ही अभिमत विद्यापीठे आहेत. त्यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून होत नाहीत, केंद्राच्या समुपदेशन समितीकडून होतात. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. हा फरक फक्त अर्जाचा नाही, फीचाही आहे.

फी: मुलगी असेल तर गणित बदलते

राज्य कोट्यातून खासगी बीडीएसला वर्षाला साधारण दोन ते चार लाख रुपये फी पडते. खासगी एमबीबीएस सात-आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जाते आणि अभिमत विद्यापीठात एमबीबीएसचा आकडा वर्षाला वीस लाखांच्या पुढे असतो. नेमकी रक्कम दरवर्षी शुल्क नियामक प्राधिकरण महाविद्यालयनिहाय ठरवते. ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. संस्थात्मक कोट्यातल्या १५ टक्के जागांची फी याच्या कित्येक पट असते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींसाठी मोठा बदल केला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरते. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला पाहिजे. संस्थात्मक कोट्याला हे लागू नाही, अभिमत विद्यापीठाला नाही.

जुन्नर, आंबेगावातल्या बहुतेक शेतकरी घरांतली मुलगी या अटींत बसते. तरीही अनेक पालक जुन्या सवयीने खासगी एमबीबीएसची महाविद्यालये यादीत टाकतच नाहीत. ‘एवढी फी कुठून भरायची’ म्हणून सरकारी एमबीबीएसनंतर थेट बीडीएस लिहितात. पात्र मुलीच्या बाबतीत ही चूक आहे. खासगी एमबीबीएस आणि खासगी बीडीएस या दोन्हींचे शिक्षण शुल्क तिच्यासाठी माफ असेल, तर निवड फीवरून करण्याचे कारणच उरत नाही. ती कामावरून करा.

वसतिगृह, मेस, पुस्तके, आणि दंतवैद्यकात विद्यार्थ्यानेच घ्यायची हत्यारे, हा खर्च मात्र घरचाच. मुलगा असेल तर आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठीच्या राजर्षी शाहू योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळू शकते. उरलेले निम्मे दरवर्षी भरायचे आहे हे धरून चाला. टोमॅटोवर विसंबून असलेल्या घराला हे सांगायला नको: २०२३ च्या जुलैत २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव होता आणि इतर वर्षी हाच माल रस्त्यावर ओतावा लागला. फी मात्र दरवर्षी त्याच महिन्यात येते.

सवलतीला कागद लागतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, अधिवास. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. अकरावीतच अर्ज करा. निकालानंतर जुन्नरला खेटे घालणाऱ्यांची सवलत डोळ्यांदेखत जाते.

खुर्ची कोण घेऊन देणार?

आता मूळ मुद्दा. एमबीबीएस झालेल्याला उद्यापासून काहीही न घेता काम सुरू करता येते. स्टेथोस्कोप आणि टेबल असले तरी गावात दवाखाना चालतो, शिवाय कोणत्याही रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा मिळते. दातांच्या डॉक्टरला यंत्राशिवाय काहीच करता येत नाही. डेंटल चेअर, कॉम्प्रेसर, एक्स-रे आणि त्याचा सेन्सर, ऑटोक्लेव्ह, रूट कॅनालचे मोटर, हँडपीस, सक्शन, इन्व्हर्टर, फर्निचर. तालुक्याच्या ठिकाणी साधा, नीट दवाखाना टाकायचा तर आठ ते बारा लाख रुपये सहज लागतात. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी हे वेगळे.

दहा लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना सुमारे १६,९०० रुपये. नारायणगावात बऱ्या जागी गाळ्याचे भाडे, मदतनीस, वीज, साहित्य आणि लॅबचे बिल धरले की स्वतःला एक रुपया घेण्याआधी महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास जातात. रूट कॅनालचे तीन हजार धरले तर महिन्याला पंधरा रूट कॅनाल नुसते दिवा पेटता ठेवण्यासाठी. जम बसलेल्या डॉक्टरला हे अवघड नाही. पण पहिल्या वर्षी, जेव्हा गावात ‘नवीन पोरगी बसलीय’ एवढीच ओळख असते, तेव्हा दिवसाला दोन रुग्ण येतात आणि त्यातला एक नुसता दर विचारून जातो.

नवे पदवीधर म्हणून बहुधा आधी दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करतात. पुण्यासारख्या शहरात सुरुवातीला महिना पंधरा-वीस हजारांचे आकडे ऐकायला मिळतात. पाच वर्षे शिकून एवढेच, हा धक्का अनेक घरांना पचत नाही. तो आधी माहीत असावा. ती दोन-तीन वर्षे खरे तर पगारासाठी नसतात, हात बसवण्यासाठी असतात, आणि त्या काळात घरून मदत लागते.

ज्याला हे दुकान उभे करण्याची आणि टिकवण्याची आवड आहे, त्याच्यासाठी मात्र हा व्यवसाय चांगला आहे. रात्री-अपरात्री फोन नाही, मृत्यू डोळ्यांसमोर नाही, वेळ आपल्या हातात. पंधरा वर्षांनी दंतवैद्याचे घर त्याच गावातल्या फिजिशियनपेक्षा मागे असते असे नाही. मान, पाठ आणि डोळे मात्र झिजतात. दिवसभर वाकून दोन इंचांच्या अंधाऱ्या जागेत काम करायचे आहे. मणक्याचा त्रास आधीच असेल तर दोनदा विचार करा. आणि ‘मुलींना बरं, वेळ ठरलेली असते’ म्हणून बीडीएस सुचवणाऱ्या काका लोकांना एवढेच विचारा, लग्नानंतर गाव बदलले तर दहा लाखांची खुर्ची कुठे हलवायची?

सरकारी नोकरीचे काय?

इथे स्पष्ट बोलावे लागेल. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सकाची पदे असतात, पण ती थोडी, बरीचशी कंत्राटी. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी बीडीएस होऊ शकत नाही. उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी, शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासणारी पथके, १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, या जागांवर महाराष्ट्रात मुख्यतः बीएएमएस पदवीधर दिसतात. राज्याच्या अधिसूचनेमुळे त्यांना आधुनिक औषधेही वापरता येतात. त्यावर वाद आहेत, पण गावातला व्यवहार त्यावर चालतो. म्हणून ‘काहीही करून नोकरी’ हेच घराचे उद्दिष्ट असेल, तर बीडीएसपेक्षा बीएएमएसची दारे जास्त, हे मान्य करायला हरकत नाही. ‘ब’ गटाच्या फेऱ्या ‘अ’ गटानंतर सुरू होतात. त्यामुळे बीडीएसची जागा स्वीकारण्याआधी हा विचार झालेला असावा.

पुढे शिकायचे तर एमडीएस, तीन वर्षे, नऊ शाखा, प्रवेश ‘नीट-एमडीएस’मधून. डेंटल कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्यात परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या दोन्हींसाठी शेवटच्या वर्षी एकच राष्ट्रीय परीक्षा घेण्याची तरतूद आहे. आता प्रवेश घेणाऱ्यांना ती गृहीत धरूनच अभ्यास करावा लागेल.

जागा रिकाम्या राहतात, याचा अर्थ काय?

खासगी बीडीएसच्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत रिकाम्या असतात, हे आता गुपित नाही. २०२०-२१ मध्ये देशात सुमारे सात हजार जागा रिकाम्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्या वर्षापुरती पात्रता दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितले. त्याच सुनावणीत सरकारने आकडा दिला होता: देशात ६,०८० लोकांमागे एक दंतवैद्य आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या ७,५०० च्या मापापेक्षा तो चांगला आहे. दंतवैद्य पुरेसे आहेत, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण ही सरासरी आहे. पुण्यात कोथरूड किंवा पिंपळे सौदागरच्या एका रस्त्यावर जेवढ्या दंतचिकित्सालयांच्या पाट्या दिसतात, तेवढ्या जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांच्या अख्ख्या पट्ट्यात दिसणार नाहीत.

आणि गरज नाही म्हणावे तर तसेही नाही. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले, म्हणजे जवळपास चौघांत एक. गुटखाबंदी २०१२ पासून आहे आणि पुड्या कुठे मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे त्यात मिश्रीची भर. भाजलेल्या तंबाखूने सकाळ-संध्याकाळ दात घासणाऱ्या बायकांना ते व्यसन वाटतच नाही, दात स्वच्छ केल्यासारखे वाटते. तोंड उघडेनासे होणे, गालात पांढरा चट्टा, न भरणारी जखम या खुणा पहिल्यांदा दिसतात त्या दुखऱ्या दाढेसाठी आलेल्या रुग्णाच्या तोंडात, दातांच्या डॉक्टरला. वेळेत ओळखले तर कॅन्सर टळतो किंवा लवकर हाती लागतो. गावात ही नजर असलेला माणूस हवा आहे. प्रश्न असा की गाव त्याला पैसे द्यायला तयार आहे का. दाढ दुखली की आधी लवंग, मग मेडिकलमधली गोळी, मग काढूनच टाकायची, हा आपला क्रम. रूट कॅनालचे तीन हजार जड वाटतात. गावात बसणाऱ्या डॉक्टरला पहिली काही वर्षे या सवयीशी झुंजावे लागते.

रिकाम्या जागांचा आणखी एक अर्थ म्हणजे एजंटचे फोन. निकालानंतर दुसऱ्या दिवसापासून ‘सर, मॅनेजमेंटची सीट आहे, आज टोकन भरा’ सुरू होते. तुमचा नंबर त्यांच्याकडे कसा गेला हे विचारू नका. टोकन मात्र कोणालाही देऊ नका. केंद्रीय प्रक्रियेत शेवटच्या फेऱ्यांत जी जागा रास्त फीत मिळू शकते, तीच हे दुप्पट-तिप्पटीने विकतात.

रिपीट करायचे का?

मामाचा सल्ला चुकीचाच असतो असे नाही. ‘नीट’ला वयाची वरची मर्यादा २०२२ पासून नाही, प्रयत्नांची मर्यादाही नाही. पहिल्याच प्रयत्नात, गावातल्या कॉलेजात शिकून, मोठ्या क्लासशिवाय ४२० आले असतील तर एक वर्ष लातूर किंवा पुण्यात नीट अभ्यास करून वाढ होऊ शकते. दुसऱ्या प्रयत्नात दोन वर्षांच्या क्लासनंतर तेवढेच असतील तर तिसरे वर्ष देण्याआधी खूप विचार करा. वर्षाचा खर्च क्लास, खोली आणि मेस धरून दीड-दोन लाखांच्या पुढे जातो आणि मुलीच्या मनावर जो भार पडतो तो त्याहून मोठा.

‘बीडीएस घेऊन ठेवू, सोबत नीटचा अभ्यास करू’ हा मधला मार्ग ऐकायला छान वाटतो. पण सकाळी नऊ ते चार महाविद्यालय, मेणाचे दात, हजेरी आणि त्यात पुन्हा भौतिकशास्त्र. बहुतेकांचे दोन्ही अर्धवट राहते. शिवाय ठरावीक मुदतीनंतर जागा सोडली तर दंड, भरलेल्या फीवर पाणी आणि पुढच्या प्रवेशावर बंधन येऊ शकते. मूळ कागदपत्रे महाविद्यालयाकडे असतात. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ही कलमे असतात. ती पालकांनी स्वतः वाचावीत, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नयेत.

बीडीएस करायचेच असे वाटू लागले असेल तर यादी पक्की करण्याआधी दोन दिवस काढा. एक दिवस नारायणगावात किंवा मंचरला, ओळखीच्या दातांच्या डॉक्टरकडे मुलीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसू द्या. रक्त, थुंकी, ड्रिलचा आवाज आणि रडणारे पोर हे सगळे तिला जवळून दिसू द्या. डॉक्टरला पगार विचारू नका, दवाखाना कर्जातून कितव्या वर्षी मोकळा झाला ते विचारा. दुसरा दिवस महाविद्यालयाचा. सुट्टीच्या दिवशी नको, साध्या मंगळवारी सकाळी अकराला जा. प्रवेश कार्यालयात न जाता सरळ बाह्यरुग्ण विभागात जा, खुर्च्या मोजा, त्यातल्या किती भरलेल्या आहेत ते मोजा. मग शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, आतापर्यंत स्वतःच्या हाताने किती दाढा काढल्या. येताना गाडीत मुलगी काय बोलते ते ऐका.